ठाण्याची न्यायालयं: कुठला खटला कुठे, आणि हे सोपं कधी होणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्ट नाक्यावर जिल्हा न्यायालयाच्या आवारात मी विधी स्वयंसेवक म्हणून बसते. साडेदहाच्या सुमाराला गेटमधून माणसं आत यायला लागतात. बहुतेकांच्या हातात दुकानातून मिळालेली पिशवी असते आणि तिच्यात नोटिसा, सातबारा, भाडेकरार, झेरॉक्सच्या झेरॉक्स. "ताई, हे कुठे द्यायचं?" कायदा काय म्हणतो हे विचारण्याआधी माणूस हे विचारतो. आपली खटल्यांची न्यायालयं सुटसुटीत करायचे प्रयत्न कुठवर आले याबद्दलही मी इथे लिहिलं आहे, कारण त्या पिशवीवाल्या माणसाची पायपीट त्यावरच अवलंबून आहे. तुमच्या स्वतःच्या प्रकरणाबद्दल मात्र वकिलांना कागद दाखवूनच पाऊल उचला.

दारावरच्या पाट्या वाचून डोकं चक्रावतं. ठाण्यात नेमकी किती प्रकारची कोर्टं आहेत?

पाट्या पुष्कळ आहेत, पायऱ्या थोड्या. दिवाणी बाजूला तीन: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायाधीश. कनिष्ठ स्तराकडे ५ लाख रुपयांपर्यंतचे दावे जातात. त्यावरच्या रकमेचे वरिष्ठ स्तराकडे, आणि तिथे वरची मर्यादा नाही. या रचनेचा पाया १८६९ च्या मुंबई दिवाणी न्यायालय कायद्यात आहे. त्यात कितीतरी दुरुस्त्या झाल्या, सांगाडा मात्र तोच राहिला.

फौजदारी बाजूला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी (आवारात सगळे जेएमएफसी म्हणतात), त्यांच्यावर मुख्य न्यायदंडाधिकारी म्हणजे सीजेएम, आणि त्यावर सत्र न्यायालय. जेएमएफसी ३ वर्षांपर्यंत शिक्षा देऊ शकतात, सीजेएम ७ वर्षांपर्यंत. खून, बलात्कार, दरोडा अशी प्रकरणं सत्र न्यायालयात चालतात.

लोकांना हे कुणी सांगत नाही, पण या दोन शिड्यांवर उभी असलेली माणसं बहुतेक एकच असतात. पाटीवर "सह दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी" असं लांबलचक लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. एकाच टेबलावर सकाळी भिंतीच्या हद्दीचा दावा, दुपारी मारहाणीचा खटला. जिल्हा न्यायाधीश आणि सत्र न्यायाधीश हेही एकच.

"खालचं कोर्ट" म्हटलं तर चालतं का?

म्हणू नका. ८ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने आपल्याच नोंदणी विभागाला सांगितलं की, खटला चालवणाऱ्या न्यायालयांना "खालची न्यायालयं" म्हणणं थांबवावं. ओक साहेबांची वकिली १९८३ मध्ये याच ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात, वडिलांच्या हाताखाली सुरू झाली. ते वाक्य वाचलं तेव्हा आम्हा ठाणेकरांना आपल्या घरातलं कुणीतरी बोललं असं वाटलं.

मुलुंड चेकनाका ओलांडला की सगळंच बदलतं म्हणतात. खरं आहे?

दिवाणी बाबतीत, हो. बृहन्मुंबईला स्वतंत्र शहर दिवाणी न्यायालय आहे, त्याचा कायदा १९४८ चा. भाडेकरू-मालक वादांसाठी तिथे लघुवाद न्यायालय आहे. शहर दिवाणी न्यायालयाची मर्यादा २०२४ मध्ये १ कोटीवरून १० कोटी झाली. त्याहून मोठा दावा थेट उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत जातो.

ठाण्यात यातलं काही नाही. तुमचा जागेचा दावा २० कोटींचा असला तरी तो वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढेच चालतो. चेकनाक्याच्या पलीकडे त्याच रकमेसाठी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बसतात. भाड्याचा वाद ठाण्यात कनिष्ठ स्तराकडे. वाद व्यापारी स्वरूपाचा आणि ३ लाखांहून जास्तीचा असेल, तर २०१५ च्या व्यापारी न्यायालय कायद्याची वाट वेगळी. तिथे तातडीचा हुकूम मागायचा नसेल तर आधी मध्यस्थी करणं सक्तीचं आहे.

एका राज्यात, एका लोकल मार्गावर अशा दोन रचना का असाव्यात याचं उत्तर इतिहासात आहे. मुंबई हे इलाख्याचं शहर होतं आणि आपण मोफसल, म्हणजे शहराबाहेरचा मुलूख. आज घोडबंदर रोडचे मनोरे बघून कुणी ठाण्याला मोफसल म्हणेल का?

मी खारघरला राहतो. पोलीस नवी मुंबईचे, मग तारखेला पनवेलला का बोलावतात?

पोलीस आयुक्तालयाचा नकाशा वेगळा आणि न्यायालयाचा वेगळा, म्हणून. नवी मुंबई पोलीस आयुक्तालय दोन महसुली जिल्ह्यांवर पसरलेलं आहे. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरूळ, बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, उलवे, पनवेल रायगड जिल्ह्यात. त्यामुळे बेलापूरचा गुन्हा बेलापूरच्या कोर्टात आणि एक स्टेशन पुढे खारघरचा पनवेलला. तुमचं जिल्हा न्यायालय ठाणे नाही, अलिबाग आहे.

एका काकांनी मला विचारलं होतं, "बाई, आम्ही नवी मुंबईचे की अलिबागचे?" घर खारघरला, दुकान बेलापूरला, भाडेकरूने दुकानाचा ताबा सोडला नाही. स्थावर मालमत्तेचा दावा मालमत्ता जिथे आहे तिथेच लावायचा, हा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १६ चा नियम. म्हणून त्यांचा दावा बेलापूरला. त्याच भाडेकरूने घरी येऊन दमदाटी केली, ती तक्रार पनवेलच्या हद्दीत. माणसं तीच, भांडण तेच, आणि न्यायालयीन जिल्हे दोन.

पालघरचंही तसंच झालं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर महसुली जिल्हा झाला, पण न्यायालयीन नकाशा त्याच दिवशी बदलला नाही. पुढची काही वर्षं वसई-डहाणूकडची सत्र प्रकरणं ठाण्याच्याच अखत्यारीत राहिली. जव्हारच्या माणसाला ठाणं किती लांब पडतं, हे नकाशा आखणाऱ्याने एकदा एसटीने येऊन बघावं.

चुकीच्या कोर्टात दावा लावला तर काय होतं?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. थोडं सविस्तर सांगते, कारण हे मी घरात पाहिलं आहे.

माझ्या बाबांनी एका गाळ्यासाठी विसार दिला होता. विकणारा फिरला. बाबांनी करार पूर्ण करून मिळावा म्हणून जिल्ह्यातल्या एका न्यायालयात कनिष्ठ स्तराकडे दावा लावला. समोरच्याने कैफियतीतच, म्हणजे लेखी उत्तरातच, लिहिलं होतं की दाव्याचं मूल्यांकन चुकलंय, हे या न्यायालयाच्या अधिकारात बसत नाही. तो मुद्दा बाकीच्या मुद्द्यांबरोबर ठेवला गेला आणि दावा चालत राहिला. बाबांची साक्ष झाली. व्यवहार जुळवणाऱ्या मध्यस्थांची सरतपासणी झाली, उलटतपासणी अर्धी राहिली. सहाव्या वर्षी निकाल लागला तो एवढाच, की आक्षेप बरोबर आहे, वादपत्र (दाव्याचा मूळ अर्ज) परत.

परत म्हणजे अक्षरशः परत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम १० खाली वादपत्र तुमच्या हातात देतात. त्यावर शेरा असतो: दाखल केल्याची तारीख, परत केल्याची तारीख, दाखल करणाऱ्याचं नाव आणि थोडक्यात कारण. बाबा तो कागद घेऊन घरी आले, डायनिंग टेबलावर ठेवला आणि चष्मा काढून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. शेऱ्यात चार ओळी होत्या. आईने चहा ठेवला, तो तसाच गार झाला.

वरिष्ठ स्तराकडे तोच दावा पुन्हा लागला, तेव्हा सगळं पहिल्यापासून. पुन्हा समन्स, पुन्हा कैफियत, पुन्हा मुद्दे. जुन्या निशाण्यांना, म्हणजे पुरावा म्हणून क्रमांक पडलेल्या कागदांना, काही अर्थ उरला नाही. दरम्यान ते मध्यस्थ वारले होते आणि उलटतपासणी पुरी न झालेली त्यांची साक्ष आमच्या उपयोगी पडली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ईएक्सएल करिअर्स विरुद्ध फ्रँकफिन या प्रकरणात हेच पक्कं केलं. वादपत्र परत झालं की नव्या न्यायालयात खटला नव्याने चालतो, जिथे थांबला होता तिथून नाही. मुदत कायद्याचं कलम १४ एवढाच दिलासा देतं की, चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे आणि तत्परतेने घालवलेला काळ मुदतीतून वगळला जातो. दावा मुदतबाह्य होत नाही. पण ती सहा वर्षं परत मिळत नाहीत.

आता याच्या शेजारी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २४ ठेवून बघा. जिल्हा न्यायाधीशांनी एका न्यायालयातून दुसऱ्यात खटला वर्ग केला, तर तो आहे त्या टप्प्यावरून पुढे चालू शकतो. एका कलमाखाली कागद घरी येतो आणि दुसऱ्याखाली कागद स्वतःच योग्य टेबलावर जातो. मला वाटतं, सुधारणेची चर्चा इथून सुरू व्हायला हवी. एकाच जिल्ह्यातल्या दोन न्यायालयांमध्ये अधिकाराचा प्रश्न निघाला, तर वादपत्र परत न करता खटला वर्गच झाला पाहिजे. दार शोधायची जबाबदारी व्यवस्थेची असावी, विसार बुडालेल्या माणसाची नव्हे.

तोवर तुमच्यासाठी: अधिकाराचा मुद्दा निघाला तर तो आधी ठरवून घ्या, असा आग्रह वकिलांकडे धरा. असा आक्षेप अगदी पहिल्या संधीलाच घ्यावा लागतो, असं त्याच संहितेचं कलम २१ सांगतं. घेतला गेला असेल, तर तो शेवटपर्यंत लोंबकळत ठेवण्यात वादीचंच नुकसान आहे.

रचना सोपी करायची तर ती कुणाच्या हातात आहे?

तिघांच्या. न्यायदानाची व्यवस्था हा विषय बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आला, त्यामुळे संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदा करता येतो. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि फौजदारी प्रक्रियेची भारतीय नागरिक सुरक्षा संहिता केंद्राच्या, दिवाणी न्यायालयांचा कायदा राज्याचा. जिल्ह्यातल्या न्यायालयांवरचं नियंत्रण घटनेच्या कलम २३५ ने उच्च न्यायालयाकडे. आणि इमारत, पदं, पगार यांचे पैसे राज्य सरकारकडे. नवीन न्यायालय हवं असेल तर उच्च न्यायालयाची शिफारस लागते, मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, मग पदनिर्मिती, मग जागा. वकील संघटनांना वर्षानुवर्षं निवेदनं द्यावी लागतात ती म्हणूनच.

आजवर काही सोपं झालं की नुसतीच चर्चा?

झालंय, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं.

पूर्वी प्रत्येक राज्यात न्यायाधीशांची नावं वेगळी. कुठे मुन्सिफ, कुठे सबॉर्डिनेट जज. शेट्टी आयोगाने १९९९ च्या अहवालात देशभर तीनच पदनामं सुचवली आणि २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाच्या शिफारशींवर मोठा निकाल दिला. महाराष्ट्रात जिल्हा न्यायालयाने ऐकायच्या दिवाणी अपिलाची मर्यादा १० लाखांवरून १ कोटी झाली, त्यामुळे मधल्या रकमेच्या अपिलासाठी ठाणेकराला फोर्टला जावं लागत नाही. एका निवृत्त शिक्षिकेचं अपील असं मुंबईहून ठाण्याला आलं. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, त्यांच्या दृष्टीने ही केवढी मोठी सुधारणा.

सगळ्यात ठळक बदल १ जुलै २०२४ चा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि महानगर दंडाधिकारी हा वेगळा प्रकार गेला. सहायक सत्र न्यायाधीश ही मधली पायरीही गेली. म्हणजे मुंबईत आणि ठाण्यात दंडाधिकारी आता कायद्याच्या दृष्टीने एकाच नावाचे आहेत. दिवाणीत जे अजून जमलं नाही ते फौजदारीत झालं. त्याच संहितेत दोषारोपासाठी ६० दिवस आणि युक्तिवाद संपल्यावर निकालासाठी ३० दिवस, कारण देऊन ४५, अशा मुदती आल्या आहेत. जेएमएफसींची दंडाची मर्यादा १० हजारांवरून ५० हजार झाली आणि किरकोळ गुन्ह्यांसाठी समाजसेवेची शिक्षाही आली.

मुदत लिहिणं सोपं आणि पाळणं कठीण, हे खरंच. पण कायद्यात लिहिलेली मुदत दाखवून अर्ज करता येतो. आधी तेवढाही आधार नव्हता.

दर गुन्ह्यासाठी विशेष न्यायालय काढलं तर वेग येणार नाही का?

पॉक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार), लाचलुचपत, अंमली पदार्थ, मोक्का, अॅट्रॉसिटी, ठेवीदारांचं संरक्षण, प्रत्येक कायदा "विशेष न्यायालय" म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा आधीच काम करणाऱ्या सत्र न्यायाधीशांनाच ते अधिकार दिले जातात. पाटीवर एक ओळ वाढते, दिवसाचे तास वाढत नाहीत. पॉक्सोसाठी स्वतंत्र न्यायाधीश, पोरासाठी वेगळी खोली, साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी सोय असेल, तर त्याचा खरा उपयोग होतो. मी एक आठ वर्षांची मुलगी आवारात आईच्या पदराआड उभी राहिलेली पाहिली आहे, बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला आरोपीचे नातेवाईक बसलेले. नवी पाटी लावण्याआधी तिच्यासाठी खोली लागते.

सोसायटीचं, बिल्डरचं, गळतीचं भांडण. कुठे जायचं?

ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

बिल्डरने ताबा उशिरा दिला किंवा दिलाच नाही, तर महारेरा (१ मे २०१७ पासून) किंवा ग्राहक आयोग. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असावी लागते, त्यापुढे राज्य आयोग. ठाण्यातल्या आजच्या फ्लॅटच्या किमती पाहता अनेकांना जिल्हा आयोगाचं दार बंदच असतं. बिल्डर जमीन सोसायटीच्या नावावर करत नसेल, तर मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे. तिथे न्यायालय नाही, पण सुनावणी होते. सोसायटीच्या कारभाराबद्दल सभासदाचा वाद असेल, तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय. मेंटेनन्स थकला आणि सोसायटीला वसूल करायचा, तर पुन्हा निबंधक. वरच्या फ्लॅटमधून पाणी गळतंय आणि तो दाद देत नाही, तर वाद त्या मालकाशी की दुरुस्ती न करणाऱ्या सोसायटीशी, यावर दार बदलतं. कळव्याच्या एका आजोबांनी गळतीसाठी आधी पोलीस चौकी, मग महापालिका, मग निबंधक अशी तिन्ही ठिकाणी पत्रं दिली होती. प्रत्येक पत्रावर पोच होती. प्रत्येक ठिकाणचं उत्तर एकच होतं: हा विषय आमच्याकडे येत नाही. छताला मात्र तीन पावसाळे बुरशी.

ही वेगवेगळी मंडळं उभी राहिली ती दिवाणी न्यायालयावरचा भार कमी व्हावा, तज्ज्ञांनी लवकर निकाल द्यावा म्हणून. हेतू चांगला होता. पण प्रत्येकाचा कायदा वेगळा, अपिलाची वाट वेगळी, अर्जाचा नमुना वेगळा. एकच स्वीकृती खिडकी असावी, तिथे कागद घेऊन कर्मचाऱ्याने योग्य ठिकाणी पाठवावा आणि दाखल तारीख पहिल्या दिवसाचीच धरावी, एवढं झालं तरी आजोबांचे दोन पावसाळे वाचले असते.

दुसरीकडे कुणी असं एकत्रीकरण केलंय का?

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने केलं. तिथे छोट्या आणि मोठ्या खटल्यांची न्यायालयं वेगळी होती. १९९८ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि २००१ पर्यंत सर्वच्या सर्व ५८ काउंट्यांमध्ये एकच खटला न्यायालय झालं. न्यूयॉर्क राज्यात मात्र अजून ११ प्रकारची खटला न्यायालयं आहेत आणि एकत्रीकरणाची मागणी अनेक वर्षं लोंबकळते आहे. आपली परिस्थिती वेगळी, पण रकमेवरून न्यायालयाचा दर्जा ठरवणं हा काही निसर्गनियम नाही, एवढं त्यातून दिसतं.

आमच्या शहरात नवीन कोर्ट झालं. जुन्या केसचं काय?

मीरा-भाईंदरकरांना वर्षानुवर्षं प्रत्येक तारखेला घोडबंदर रोडच्या गर्दीतून ठाण्याला यावं लागायचं. मार्च २०२५ मध्ये तिथे स्वतंत्र न्यायालय सुरू झालं. अशा वेळी त्या हद्दीतली प्रकरणं नव्या ठिकाणी वर्ग होतात आणि आहे त्या टप्प्यावरून पुढे चालतात. प्रकरणाला नवा नोंदणी क्रमांक पडू शकतो, तो लगेच विचारून घ्या. वर्ग झाल्याचं न कळल्यामुळे माणूस जुन्या कोर्टात थांबतो आणि नव्या कोर्टात गैरहजर लागतो, असं होतं.

ऑनलाइन झाल्यावर हा सगळा घोळ संपेल ना?

काही भाग संपला आहे. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ मध्ये सुरू झाला, तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. तुमच्या खटल्याचा सीएनआर क्रमांक १६ अक्षरांचा असतो, ठाण्याचे "एमएचटीएच" ने सुरू होतात. तो मोबाइलवर टाकला की पुढची तारीख, टप्पा, बऱ्याचदा आदेशही दिसतो. पूर्वी बेंच क्लार्ककडे जाऊन विचारायला लागायचं.

पण संगणकाने रचना बदलत नाही. चुकीच्या न्यायालयात ई-फायलिंगने लावलेला दावा तितकाच चुकीचा. आणि मुरबाड-शहापूरच्या पाड्यावरून आलेल्या बाईला पासवर्डपेक्षा समोर बसून ऐकणारा माणूस जास्त उपयोगी पडतो.

चेक बाउन्सचा खटला कुठे?

२०१५ च्या दुरुस्तीनंतर, तुम्ही चेक खात्यात भरला असेल तर तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या जेएमएफसींकडे. या खटल्यांनी दंडाधिकाऱ्यांचा बोर्ड भरून गेलेला असतो. केरळात कोल्लमला २०२४ पासून फक्त चेकच्या खटल्यांसाठी चोवीस तास चालणारं ऑनलाइन न्यायालय आहे. ठाणे-बेलापूरला ते करून पाहण्यासारखं आहे.

निकाल माझ्या बाजूने लागला. मग जागा का मिळत नाही?

कारण हुकूमनामा मिळाल्यावर दरखास्त, म्हणजे तो अमलात आणण्याचा अर्ज, लावावी लागते आणि तिथे दुसरा खटला सुरू होतो. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये पेरियम्मल प्रकरणात देशभरातल्या प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवली. ऑक्टोबरमध्ये आकडा समोर आला तो ८ लाख ८२ हजारांच्या वर, आणि त्यातल्या ३ लाख ४० हजारांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात. हा आकडा हरलेल्यांचा नाही, जिंकलेल्यांचा आहे.

प्रत्यक्षात काय होतं? बेलिफ ताबा वॉरंट घेऊन दारात जातो. दार उघडतो तो भलताच माणूस. "मी इथला भाडेकरू, मला कुणी पार्टी केलं नाही." बेलिफ तसा अहवाल लिहितो आणि परत येतो. मग अडथळ्याचा अर्ज, त्याची चौकशी, साक्षीपुरावा, जवळजवळ नवा दावाच. प्रतिवादीची मालमत्ता दुसऱ्या न्यायालयाच्या हद्दीत असेल तर हुकूमनामा आधी तिकडे पाठवावा लागतो. म्हणजे ठाण्याला जिंकायचं आणि वसुलीसाठी पनवेलला नव्याने रांग लावायची.

दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही सांगितलं होतं. वेगळी दरखास्त न लावता, ज्या न्यायाधीशांनी निकाल दिला त्यांनीच तो अमलात आणेपर्यंत प्रकरण बंद करू नये, असं मला फार मनापासून वाटतं. तुम्ही दावा चालू असतानाच जागेत कोण राहतं हे लिहून, फोटोसह नोंदवून ठेवा. ताबा तिसऱ्याला देऊ नये यासाठी मनाई हुकूम वेळेत मागा. हुकूमनाम्याची अंमलबजावणी साधारणपणे १२ वर्षांत मागता येते, पण थांबू नका.

न्यायाधीशांची संख्या वाढवली की प्रश्न सुटेल?

संख्या हवीच. विधी आयोगाने १९८७ मध्ये दर १० लाख लोकांमागे ५० न्यायाधीश सुचवले होते. सरकार आज मंजूर पदांचा आकडा २१ च्या आसपास सांगतं. महाराष्ट्राच्या जिल्हा पातळीवर ५० लाखांहून जास्त प्रकरणं प्रलंबित आहेत. पण न्यायाधीश आले आणि शिरस्तेदार, लघुलेखक, बेलिफ यांची पदं रिकामी राहिली, तर काम अडतंच. समन्स बजावून येत नाही म्हणून पडलेल्या तारखा मोजल्या, तर दोष कोणाकडे आहे ते कळेल.

कामकाज मराठीत मागता येतं का?

हो. १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, काही अपवाद सोडून. तुमची साक्ष मराठीत नोंदवून ती वाचून दाखवावी असं सांगायला संकोच करू नका. सही करण्याआधी स्वतः वाचा.

वकील परवडत नाही.

विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. खावटी, घटस्फोट, कौटुंबिक हिंसा, मालमत्तेचा वाद यांत महिलांना कोर्ट फीही माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे मंगळसूत्र गहाण ठेवून फी भरलेली बाई मी पाहिली आहे.

लोकअदालतीत मिटवलं तर फसगत होणार नाही ना?

तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते. म्हणून सही करण्याआधी रक्कम, तारीख आणि ती चुकली तर काय, हे तिन्ही कागदावर आहे का ते बघा.

उद्या माझी पहिली तारीख आहे. काय करू?

आज रात्री सीएनआर टाकून न्यायालयाचा क्रमांक आणि मजला लिहून घ्या. ओळखपत्र आणि मूळ कागद वेगळ्या पाकिटात, झेरॉक्स वेगळ्या. दहा-सव्वादहाला पोचा. दाराबाहेरच्या बोर्डावर तुमचं नाव कितव्या क्रमांकावर आहे ते बघा आणि वकिलांना कळवा. पुकारा होताना बाहेरच्या गोंगाटात नाव ऐकू येत नाही, त्यामुळे आत मागच्या बाकावर बसा. फोन बंद ठेवा. काम झाल्यावर पुढची तारीख आणि "कशासाठी" हे दोन्ही लिहून घ्या, नुसती तारीख नको. पाण्याची बाटली घ्या. आणि दार सापडलं नाही तर गेटजवळच्या मदत कक्षात या, आमच्यापैकी कुणीतरी तुमच्याबरोबर तिथपर्यंत येईल.